हूक

आमच्या स्लॅबला हूक नव्हता.
भरमाण्णा गवंडी म्हणालेला,
बेळगावात पंखा कशाला हो,
आणि बाबांनी तेवढी सळी वाचवली.
मग टेबल-फॅन आणला.
तो मान हलवतो, नको नको म्हटल्यासारखी,
डिसेंबरातसुद्धा.

माझं काम अळ्या शोधायचं.
विजेरी, पांढरी वाटी, खडू, रजिस्टर.
वडगावच्या गल्ल्या मी पिंपांवरून ओळखते :
निळं, फुटकं निळं, डांबराचं,
मग निंगव्वाचा सिमेंटचा हौद.
मोजते मराठीत, लिहिते कानडीत.
अळी दोन्हींत सारखीच वळवळते.

पहिल्या वर्षी हंगिरगेकरबाई म्हणाल्या होत्या,
"दिवाळीपतोर फिर. पुढचं थंडी बघून घेती."
आणि खरंच, थंडी यायची,
रजिस्टरावर सही केल्यासारखी,
आम्ही कपाटाला कुलूप लावायचो.

यंदा संक्रांत झाली.
एका हातात तिळगूळ, दुसऱ्यात वाटी,
वाटीत सतरा.

पाऊस येतो तो महिन्याचा तीन दिवसांत ओतून जातो,
मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही.
नळ तर आठवड्यानं.
म्हणून कळशी, तपेली, बाळाचा टब, सगळं भरलेलं.
"वत की हे," मी म्हणते.
"वततो की," निंगव्वा म्हणते, "तू भरून देतीस काय?"
फॉर्मात याला रकाना नाही.

तिचा अज्जाप्पा मागावर बसतो,
पाय खड्ड्यात, अंधारात, ओलीत,
दोन्ही हात धोट्यामागं धावणारे.
ती दिवसाच येते.
पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच.
याचे हात मोकळे नाहीत
हे तिला कसं कळतं कोण जाणे.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, हाडं कुणीतरी पिंजूलालंय.
मागावर अर्धी साडी, जांभळी, काठ आलेला.
रिपोर्ट मीच वाचून दाखवला : प्लेटलेट एकतीस हजार.
निंगव्वाचा चेहरा उजळला.
"आमच्या ताण्यात पाच हजार दोरे असतेत.
एकतीस म्हंजे लई झाले की गे."
मी काही बोलले नाही.
पपईचा पाला आणायला म्हणून बाहेर पडले
आणि रिक्षा घेऊन आले.

(तो वाचला. साडी दुसऱ्यानं पुरी केली.
त्याच्या विणीची आणि ह्याच्या विणीची शीव
अजून बोटाला लागते, निंगव्वा सांगते.)

ऑफिसात बेंगळूरचे साहेब नकाशा घेऊन आले.
लाल रंग घाटमाथ्याकडं चढत होता.
दोन डिग्री, ते म्हणाले.
चिकोडीकडची एक पोर मागून म्हणाली,
"दोन डिग्री म्हंजे किती, सर?"
कुणी हसलं.
मला आमचा स्लॅब आठवला.

भरमाण्णाचा थोरला हल्ली हेच काम करतो,
गल्लीभर स्लॅबना भोकं पाडून हूक बसवायचं.
आमचंही त्यानंच केलं.
डोळ्यांत सिमेंट, अंगणात ड्रिलचा आवाज,
आणि पंखा फिरला.
दोन रात्री मी मेल्यासारखी झोपले.

मग अवकाळी आला, जानेवारीत, गारांसकट.
हुकाच्या कडेनं थेंब पडायला लागला.
खाली पातेलं ठेवलं,
आणि पातेलं कॉटखाली सरकलं,
आणि मी रोज शंभर घरं बघत राहिले.

नवव्या दिवशी चप्पल शोधताना विजेरी पडली त्यावर.

चोवीस.
पंचवीस, एक वर आली श्वासाला.

ओतलं. घासलं. उन्हात पालथं घातलं.
आमच्या दारावर खडूनं तारीख घातली.
रजिस्टरात घर नंबर,
पुढं नाव : मंजुळा कंग्राळकर.
कानडीत लिहिताना दोन्ही ळ
जरा वाकडे आले.