निकेलचं पाखरू

उद्यमबागेत, शेवटच्या फाउंड्रीच्या मागं माझी शेड.
दोन टाक्या, एक बफिंगचं चाक,
भिंतीवर वडिलांचा फोटो.
त्याच्या काचेलाही ॲसिडचा वास.

रॅलीच्या आधी शिंत्र्यांनी पाखरू दिलं,
सदतीस सालच्या मॉरिसच्या टोपीवरचं.
पंख मागं सारलेले, चोच जराशी झिजलेली.
मऊ फडक्यात बांधून आणलेलं,
तान्हीला कान टोचायला आणतात तसं.
"भरमाणी, नुसतं धू. घासायचं नाही बघ.
विलायतेचं आहे ते, आजोबांच्या वेळचं."

रात्री साडेनऊला हत्तरकी आले.
त्यांच्या रुमालातही पाखरू,
कोइमतूरला ओतून घेतलेलं,
लग्नात मिळालेल्या ताटासारखं निळसर चकाकणारं.
दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली
आणि बोटानं जागा बदलल्या,
जत्रेतल्या पत्तेवाल्यासारख्या.
"ह्याला जरा म्हातारं कर.
आणि यारिगू हेळबेडा."
हेच मागच्या वर्षी शिंत्रे मराठीत बोलले होते,
कँपातल्या फर्नांडिससाहेबांच्या दिव्यांपायी.
ह्या गावात मूळचं काय नि कुणाचं
हे मी कुठल्याच भाषेत विचारत नाही.

म्हातारं करायला फार लागत नाही.
चिंचेचं पाणी, मीठ, टाकीतलं दोन थेंब,
चुलीतली राख, जळकं ऑइल
आणि एक रात्र.
चोच कानशीनं झिजवली,
मूळचं पाखरू समोर ठेवून,
शाळेत पुढच्याची पाटी बघून लिहायचो तसं.

पहाटे मूळचं उलटं केलं,
हत्तरकींसाठी पुडी बांधायला.
पोटाच्या खोबणीत, आट्यांच्या वर
तीन ठिपके.
पंचनं मारलेले. तिसरा तिरका.

वडिलांना सही येत नव्हती.
मस्टरवर अंगठा,
आणि ओतलेल्या मालावर हे ठिपके,
गिऱ्हाईक बोट घालणार नाही अशा जागी.
तिसरा तिरका पडायचा.
बोटाचं एक पेर पेटीखाली गेलेलं,
दोन ठिपक्यांनंतर पंच हातात राहायचा नाही.

म्हणजे आजोबांचं पाखरू
ह्याच टेबलावरून कधीचंच उडालं होतं.
कुणाच्या रुमालात, किती रुपयांना,
फोटोला विचारून बघितलं.
जिवंतपणीही तो माणूस
जेवायला वाढ एवढंच बोलायचा.

रविवारी मैदानावर सत्तावीस गाड्या.
कुंद्याचे द्रोण, पोरं, पेट्रोलचा धूर.
बंगळूरचे जज्ज भिंग घेऊन
हत्तरकींच्या टोपीवर वाकले.
पंखाला टिचकी मारली, कान लावला.
"हा आवाज," म्हणाले, "आता कुठं मिळतो?"

माझी छाती फुगली.
मग लाज वाटली.
मग भूक लागली.
शिंत्रे पलीकडं टाळ्या वाजवत होते,
त्यांच्या टोपीवर माझं पाखरू,
एका रात्रीत ऐंशी वर्षांचं झालेलं.
दोघांनी एकमेकांना मिठी मारली, फोटो निघाला.
मी मागं कुठंतरी आलोय त्यात,
हातात द्रोण.

पंधरा दिवसांनी हत्तरकी करंडक घेऊन आले.
चांदीचा म्हणून मिळालेला, कानाशी काळा पडलेला.
"खाली काय आहे बघ की जरा."
नखानं खरवडलं.
पितळसुद्धा नव्हतं.

ते बराच वेळ बफिंगच्या चाकाकडं बघत बसले.
चाक बंद होतं.
"मार चांदी," म्हणाले.

ह्या खेपेला पैसे मी आधी घेतले.