तीस बाय चाळीस

पहिला नकाशा लाईट बिलाच्या पाठीवर काढला,
कँटीनमध्ये, सेकंड शिफ्ट सुटायच्या आधी.
उद्यमबागच्या फौंड्रीत मी साचे भरतो,
पोकळी आधी, लोखंड मागनं,
एवढं मला कळतं.
घर म्हणजे त्याहून काय वेगळं असणार!

शेवंतानं बिल उलटंसुलटं करून बघितलं.
"ह्यात मी कुठं उभारू?"
हे काय, म्हटलं, किचन. आठ बाय सात.
ती गप्प.
रविवारी फक्कीचा डबा घेऊन येळ्ळूरच्या प्लॉटवर गेली,
गवतात फतकल मारून बसली,
नसलेल्या परातीत नसलेलं पीठ मळलं,
कोपर कुठवर जातंय ते बघून तिथं रेघ मारली.
मग उठून कुकर उतरवला, मागं वळली,
पुन्हा रेघ.
सोपा दीड फूट आत सरकला.
माझी टीव्हीची भिंत गेली.

पंचायतीच्या कागदावर वडलांचं नाव चुकलं,
लुमाण्णाचं लक्ष्मण्णा झालं.
तीन खेपा, दोन झेरॉक्स, एक किलो पेढे,
तरी ते लक्ष्मण्णाच राहिले.
वडील असते तर हसले असते.
पाया त्याच नावानं काढला.

काळी माती संपता संपेना.
तीन फूट, चार फूट,
इंजिनियर काठावर उभा राहून नुसता मान हलवायचा.
पाचावर मुरूम लागला,
तोवर शेवंताची पाटली सोसायटीच्या तिजोरीत.
मी खड्ड्यात उतरून मुरूम मुठीत घेतला.
तांबडा, कोरडा, कुरकुरणारा.
इतके पैसे देऊन मी कधी माती विकत घेतली नव्हती.

बसलिंगाप्पा मेस्त्री बैलहोंगलचा.
दोरीला गाठी मारत पुटपुटायचा, मूर, नाल्क, ऐद.
मी दुसरं टोक धरून तीन, चार, पाच.
कोपरा काटकोनात बसला.
पाण्याच्या नळीचं एक तोंड त्याच्या हातात, एक माझ्या,
पाणी हलायचं, हलायचं,
ते थांबेपर्यंत आम्ही दोघंही श्वास धरून.
मग तो खिळा मारायचा आणि तंबाखू काढायचा.

खानापूरकडचा चिरा दोन ट्रॅक्टर आला.
लिंटल झालं. निलगिरीचे वासे उभे राहिले,
खोल्यांत जंगल,
त्यात सौजन्या लपायची, सापडायची नाही.
स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला मिक्सर धडधडला
तो चारला थांबला.
चौदा माणसं आमटी-भात जेवली,
आणि मला स्वतःच्या घराचा पहिला वास आला
तो ओल्या सिमेंटचा, घामाचा आणि कढीलिंबाचा.

एकवीस दिवस स्लॅबवर मातीचे आळे, आळ्यांत पाणी.
थर्ड शिफ्ट करून पहाटे यायचो, पाइप सोडायचो.
साळुंक्या आधीच येऊन बसलेल्या,
त्यांच्या नावावर उतारा असल्यासारख्या.

वासे काढले त्या संध्याकाळी आत गेलो.
खिडक्यांना सिमेंटची पोती,
छतातून वायरिंगचे पाइप लोंबतात,
जिना आठव्या पायरीवर थांबलाय,
वर कॉलमच्या सळ्या मोकळ्या, पुढच्या कधीतरीसाठी.
फौंड्रीत ओतीव काढायला साचा फोडतो आम्ही.
इथं साचाच राहणार.
आता ह्यात आम्हाला ओतायचं.

सौजन्यानं हाक मारली, तिची तिलाच परत आली.
शेवंता किचनमध्ये जाऊन खाली बसली.
सिमेंटच्या धुळीत, साडी न सावरता,
नसलेली भाकरी थापली.
कोपर भिंतीला लागलं नाही.
चार बोटं उरली.

म्हटलं, अजून प्लास्टर यायचंय, अर्धा इंच ते खाणार.

"धरलाय तो मी," ती म्हणाली,
आणि नसलेल्या तव्यावर भाकरी उलटली.