उजवा बूट

जानेवारीत मी ट्रॉलरवर चढलो
तोवर रोग्वीला सगळं जमत होतं.
सात आठवड्यांनी क्लाक्सविकला परतलो, तर पुन्हा लंगोट,
आणि पडद्याआड उभं राहून, लालबुंद होत,
"नाही आली."

मार्युन म्हणाली, रागावू नकोस.
रागावलो नाही. नुसता पॉटीशेजारी
फरशीवर फतकल मारून बसलो.

"बोटीवर तू कुठे करतोस?"
आहे तिथेही एक. बोल्टने आवळलेली,
लाटेत पळून जाऊ नये म्हणून.

त्याने पॉटी दोन्ही हातांनी घट्ट धरली,
चड्डीसकट बसला. बराच वेळ.
काहीच नाही.

आज पहाटे दाराशी माझी बॅग, बूट.
उजव्यात पाय घातला:
कोमट.

तो जिन्यात उभा, चड्डी हातात.
"आली," म्हणाला.