केरबाची पट्टी

एकतीस डिसेंबर, रात्रीचे पावणेदहा.
उद्यमनगरात खालच्या गाळ्यातलं लेथ बंद झालं
तसं टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलायचं थांबलं.
बाहेर मटणाच्या दुकानापुढं अजून रांग,
कुणीतरी ओरडतंय, "पांढऱ्याला हाडं जरा जास्त टाक की रं!"
आणि पोर्टलवर ते गोल फिरतंय, फिरतंय.

मगदूम फौंड्रीचं जीएसटीचं वार्षिक रिटर्न.
बारा महिने भरलेलंच पुन्हा भरायचं,
फक्त एकत्र. म्हणजे तुकड्यातुकड्यानं जे खपून गेलं
ते आता समोर येऊन उभं राहतं.
विक्री जुळली. भंगार जुळलं.
कोक, बेंटोनाइट, पिग आयर्न, ट्रकभाड्याच्या पावत्यांसकट जुळलं.
खरेदीच्या करात तेवढा फरक:
अकरा हजार पाचशे वीस.

चौसष्ट हजारांवर अठरा टक्के,
हे बोटांना आधी कळतं, डोक्याला मागनं.
फाईल उलटली. बिल नंबर एकेचाळीस.
केरबा दत्तू सुतार, पॅटर्न मेकर.
पंप केसिंगचे सागवानी पॅटर्न, नग दोन.
तारीख नऊ जानेवारी.

केरबा तर दिवाळी झाली आणि गेला.
पंचगंगेवर मी होतो. बाराव्याला जेवून आलो.
आणि नऊ जानेवारीचं त्याचं बिल
मीच वहीत ओढलं, मीच त्याचं क्रेडिट घेतलं,
अक्षर बदललंय एवढंसुद्धा न बघता.

आक्काताईनं लिहिलेलं.
छापील बिलबुक, वर नवऱ्याचा नंबर,
खाली शाळेतल्यासारखी जपून काढलेली सही.
पॅटर्न त्यानंच पुरे करून ठेवलेले, बिल तेवढं राहिलेलं.
चाळीस नंबरावर जसं होतं तसं तिनं उतरवलं:
नऊ टक्के, खाली पुन्हा नऊ टक्के.
ते पैसे पुढं कुठं भरायचे असतात
हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.
मी तिच्या दारापासनं शंभर पावलांवर बसतो.

केरबाकडं एक पितळी पट्टी होती,
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
"बीड गार होताना आकसतंय," म्हणायचा,
"शंभराला एक जास्तच धरायचं.
नाहीतर माल निघतोय, पण बसत नाही."
हिशेबाच्या माणसाला असलं पटत नाही.
मी एकदा विचारलंही, मग खरा इंच कुठला?
त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा सांगितला.

कलगोंडा अण्णांना फोन लावला. मागं नातवंडांचा दंगा.
म्हटलं, केरबाची नोंदणी रद्द झालीय,
क्रेडिट उलटवावं लागणार, वर व्याज.
आक्काताईला एकदा विचारून बघू का?
"तिला फोन केलास?"
"नाही अजून."
"मग करू नकोस."
जरा वेळ नुसता दंगाच ऐकू आला.
"त्या पॅटर्नवर परवा सत्तर केसिंग वतली. भर आपल्यातनं."
माझी फी सोडतो म्हणालो.
"फी सोडू नको. तारखा बघत जा."

ओटीपी नातवानं वाचून दाखवला, एक आकडा चुकला.
दुसरा मागवला. गोल पुन्हा फिरलं.
सव्वाअकराला पावती उमटली,
रंकाळ्याकडं कुणीतरी घाईनं
वेळेआधीच फटाके लावले.
अजून चार फायली.

ही बांधायला घेतली तेव्हा दिसलं,
सहीच्या बाजूला, बारीक अक्षरात,
जानेवारीत मी वाचलंच नव्हतं:
"काही चूक असल्यास घरी येऊन सांगणे."