बंद मूठ

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर
सॅक्रिस्टीमागच्या खोलीत आम्ही नऊ जण.
कुणी फादर नाही, सिस्टर नाही. झगा नाही.
संसार आहेत, गुडघेदुखी आहे,
ऑर्नेलासला तर तीन नातवंडं आणि एक म्हैस.

प्रार्थना संपली की पिशवी फिरते,
वेदीच्या जुन्या पडद्यातून फिलोमिनाने शिवलेली,
आत मनगटापर्यंत अंधार.
हात घालायचा मूठ मिटून,
काढायचा तोही मिटूनच.
कुणी काय ठेवलं, विचारायचं नाही.
कुणी काय घेतलं, तेही नाही.

मी खजिनदार. अकरा वर्षं मोजतेय.
एकदा नाण्यांत अंगठी निघाली,
एकदा यार्डातला पितळी बिल्ला.

रविवारी दोघादोघांनी घरं.
पहिल्या दिवशी, फाटकापलीकडच्या वस्तीत,
ऑर्नेलासने मला शिकवलं:
उभ्याने द्यायचं नाही, एस्मी.
बसा म्हणतील तिथे बसायचं, पोतं असो की खाटेची कड.
देतील ते पाणी प्यायचं.
पिठाचं सगळ्यात शेवटी.

साक्रीकडून आलेली बायजा आजी
पाण्याचा तांब्या देताना दर वेळी विचारी,
"तुम्ही मन्हा कोन लागतस रे भो?"
हा टोपी मांडीवर ठेवून म्हणे,
"देनं लागस, माय."

मग हेक्टरची उजवी बाजू गेली.
वॅगन शॉपचं कंत्राट त्याआधीच गेलेलं.
फेब्रुवारीपासून माझी मूठ रिकामी जायची,
आणि एका गुरुवारी
रिकामी परतली नाही.
त्या रात्री वहीत रक्कम लिहिली.
खरी किती होती
ते मला एकटीला ठाऊक.

मे महिना. भुसावळ तव्यासारखं.
दारात ऑर्नेलास आणि फिलोमिना.
पिशवी त्यांनी भिंतीआड ठेवलेली, मला दिसू नये अशी.
मला दिसली.
सगळं येत असून मला "बसा" म्हणता येईना.
आणि मी म्हणत नाही तोवर
ते दोघं तसेच उभे, घामाने निथळत,
नळाला दहा दिवसांनी पाणी आलं, याबद्दल बोलत.

शेवटी हेक्टरनेच
डाव्या हाताने आपला उजवा पाय उचलला,
भिंतीकडे सारला,
खाटेवर हातभर जागा केली.

ऑर्नेलास बसला. टोपी मांडीवर.
मी माठातलं पाणी दिलं, त्याने आणखी मागितलं,
मग म्हशीचं सांगत बसला, कशी ती
पार आऊटर सिग्नलपर्यंत गेली होती, कोणी आणली,
किती वाजता.
एक मालगाडी सबंध निघून गेली,
तरी पिठाचा विषय निघाला नव्हता.