अंगावरची जोखीम

फाटकावर पत्र्याचा फलक आहे:
अपघाताविना दिवस, आणि पुढे तीन खिळे.
रोज सकाळी सव्वासातला इनास
कालची पाटी उतरवतो, आजची अडकवतो,
आधी शर्टाच्या बाहीने पुसून.
रासईच्या धक्क्यावर, जुवारीच्या काठाला,
बार्जी दुरुस्तीला चढतात तिथे.

फलक माझी कल्पना. सूत्रही माझंच:
वरिष्ठांच्या बोनसातले वीस टक्के
त्या आकड्याला बांधायचे.
पणजीच्या हॉटेलात, मांडवीकडे तोंड केलेल्या काचेआड
कुणीसं म्हणालं, आता कुठे सुरक्षितता खिशापर्यंत पोचली.
मी पडद्यावर तक्ता दाखवला, हिरवे चौकोन, पिवळे,
कोपऱ्यात एकच लाल,
आणि कंपनीला जोखमीची भूक किती असावी, यावर
आम्ही जेवणाआधी पाऊण तास बोललो.
मग चोणक आला, तळलेला.

दोनशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी
साखळीचा आकडा निसटला.
कुष्टा वेळीप, फिटर, केप्याकडचा. उजवा हात,
पोलादाचा पत्रा आणि बार्जीची कड यांच्यामध्ये.
यार्ड मॅनेजर शिरवईकर फोनवर अगदी व्यवस्थित होता;
माझ्याच हाताखाली तयार झालेला.
म्हणाला, सर, इनास विचारतोय,
पाटी शून्यावर आणायची का?

मी म्हणालो, थांब.

एवढंच.
लपव म्हणालो नाही, खोटं बोल म्हणालो नाही.
कुठल्याही चौकशीतून
हा शब्द निर्दोष सुटेल.

पुढचं सगळं त्या शब्दाने केलं.
रुग्णवाहिका आली नाही; शिरवईकरची गाडी गेली,
सीटवर टॉवेल अंथरून, मडगावच्या एका खासगी दवाखान्यात.
दुसऱ्या दिवशी कुष्टा कामावर हजर.
टाइम-ऑफिसात पंख्याखाली एक खुर्ची,
तीत आठ तास बसायचं, सही डाव्या हाताने.
माणूस कामावर आहे, म्हणजे दिवस बुडालेला नाही.
सव्वीस दिवस तो बसला.
येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की म्हणायचा,
कांय जावंक ना.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची एक वही असायची,
शिडी घसरली, ठिणगी उडाली, असल्या नोंदींची.
ती त्यानंतर कोरी राहू लागली.
कोरी पानं मी प्रगती म्हणून दाखवली.
आकडा सांभाळा म्हटलं की माणसं आकडा सांभाळतात,
यात त्यांचं काय चुकलं?

मार्चमध्ये बोनस आला.
घराच्या बलकांवाला नवी बाकं बसवली, चिऱ्याची, वर लाल घोटाई.
तिथेच बसलो होतो, मुलगी म्हापशाला लग्नाला निघाली होती,
आणि आतून बायको ओरडली,
रात्रीचं परतायचंय गो,
अंगावर जोखीम नको.
मुलीने पाटल्या उतरवून माझ्या हातात दिल्या.
अजून कोमट होत्या.

तीस वर्षं हा शब्द मी टक्क्यांत वापरला,
संभाव्यता गुणिले परिणाम.
आमच्या घरात त्याचा अर्थ
अंगावरचं, काढून घेतलं जाऊ शकेल असं काही,
आणि ते आधीच उतरवून
कुणाच्या तरी हवाली करता येतं, असं.

कुष्टाला काय उतरवून ठेवता आलं असतं?

हजाराव्या दिवशी इनासने चौथा खिळा ठोकला.
फोटो झाला. मी स्वतः पेढे वाटले,
रांग टाइम-ऑफिसपासून धक्क्यापर्यंत.
कुष्टा आला, करंगळी नाही, तिच्या शेजारचं नाही.
अंगठा आणि दोन बोटांनी त्याने पेढा उचलला.
पेढा सगळेच तसा उचलतात,
त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

खोका माझ्या हातात होता.
घे, म्हणालो.
अजून एक घे.