बेड नंबर चौदा

सहा पन्नासला मेसमधले पोहे गार, चहा त्याहून गार.
तोंडात पिना धरून आम्ही तिघी
एकमेकींचे अंबाडे बसवतो.
सिव्हिलच्या गेटात लोंढे मॅडम नखं बघतात,
शाळेतल्यासारखी.

आज मेल मेडिकल.
बिराप्पा ऐवळे, वय बावन्न, मूळचे जतचे,
काम हमाली, मार्केट यार्ड, हळदीचं गोदाम.
तक्रार: भूक नाही, पोटात दुखतं.
"तुमी शिकायच्या पोरी न्हवं? घ्या मग शिकून."

मी त्यांचे तळहात उलटे केले.
पिवळे. पेरांत पिवळे, नखांच्या कडांना पिवळे,
पुस्तकातल्या चित्रात नाहीत इतके.
ठळक अक्षरात लिहून टाकलं: कावीळ.
तांबोळी सिस्टर वाचून खुर्चीत बसल्याच.
"अगं, सांगलीत आहेस तू.
तुझ्या हिशोबानं अख्खं यार्ड ॲडमिट करावं लागंल."
वॉर्ड हसला. चौदा नंबरही हसला,
दुखरं पोट धरून.

स्पंज बाथ मग माझ्याच वाट्याला.
तीनदा पाणी बदललं, तरी हळद उतरतच होती.
"बत्तीस वर्षांची हाय. एका घमेल्यात कशी निघंल?
पोरीच्या लग्नात बायका म्हणल्या,
नवरीपेक्षा बापच पिवळा."

मग सलाईन. माणसाला पहिल्यांदाच;
रबराच्या हाताला दुखत नव्हतं.
पट्टा आवळला. शीर दिसेना.
सिस्टर शेजारी, गप्प.
बेडगच्या पानमळ्यात अजून फटफटलेलं नसतं तेव्हा
आई अंगठ्यानं पान वाचते,
पाठीवरच्या शिरा चाचपून: जून का कोवळं.
तसा अंगठा फिरवला.
इथं. नाही, जरा वर.
इथं.
सुईच्या मागं लाल थेंब चढला.
"जमलं का?"
"जमलं."
"मला न्हाई कळलं," म्हणाले.
खोटं बोलले असतील.

शनिवारी पुन्हा तोच वॉर्ड.
चार दिवस यार्ड नाही, तळवे निवळलेले.
उशाशी पिशवीत यार्डातला शर्ट,
घरी जायचं म्हणून बायकोनं आणलेला.
मी हात बघून खूश झाले.
मग, पाठ करून घेतलंय म्हणून,
त्यांना खिडकीकडे वळवलं
आणि खालची पापणी ओढली.

दुसरा डोळाही बघितला.

"काय दिसतंय?"
"सिस्टरना बोलावते."
"हळदच असंल की, बाई."

तांबोळी सिस्टर ह्या वेळी हसल्या नाहीत.
"लिही," म्हणाल्या, "तूच लिही."
मंगळवारचा शब्द मी एका रेघेनं खोडला होता,
खाली सही करून, नियमाप्रमाणे.
तोच पुन्हा लिहिला,
बारीक अक्षरात.
शर्टाची घडी विस्कटली होती,
नीट करून पिशवीत परत ठेवली.

रात्री मेसमध्ये कुणीतरी ओरडलं,
आमटी पांढरी, हळद संपली का काय?
मी नखं बघितली.
अंगठ्याच्या कडेला थोडी होती.
उद्या गेटात मॅडम विचारणार.